एक वाजता

खांबेट्यांनी नव्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला आणि पडद्यावर घरचंच सगळं उघडलं. तेच प्रोग्रॅम, मागे अंगणातल्या जाईचा तोच फोटो. दर बदलीला परकं वाटू नये म्हणून बायकोनेच हे त्यात भरून दिलं होतं. ती जाऊन दोन वर्षं झाली, तरी रोज एक वाजता तिने लावून ठेवलेली ओळ पडद्यावर यायची आणि मगच ते डबा उघडायचे.

आज तीन वाजून गेले, तरी डबा बंदच.

चारला ओळ आली. 'अहो, एक वाजला. फायली पळून जात नाहीत, जेवा आधी.'

"या कॉम्प्युटरचं घड्याळ तीन तास मागे आहे, साहेब," शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या. "नीट लावून देऊ?"

"राहू द्या," गार पोळी मोडत ते म्हणाले. "किती दिवसांनी तिची वाट बघायला मिळाली."