घरात कोण निजत होतं

विमा कंपनीचे साहेब उंबऱ्याशी आले, तेव्हा कृष्णकांताने दाराला लावलेली बोरीची काटी पायानेच बाजूला सारली. काटी अर्धी जळाली होती, काटे मात्र शाबूत होते. एक चपलेतून आत गेला, तो त्याने गुपचूप उपटून टाकला. साहेब वर बघत होते, छप्पर असायला हवं होतं तिथे.

"आग लागली कशी?"

"शेजारच्या चिंतूने शेतात पालापाचोळा पसरून राब भाजायला घेतला होता. वारा फिरला आणि ठिणगी पडवीच्या गवतावर पडली."

"विहीर तर दारातच आहे. पाणी नाही मारलं कुणी?"

बोंबला! पहिल्याच घासाला खडा.

"सगळे वाडीत होते," कृष्णकांत म्हणाला.

वाडीत कसले? घर अडीच महिने ओस पडलं होतं. त्याचा बाप, धर्माजी, माघात गेला आणि तोही नेमका पंचकात. भटजींनी पंचांगावर बोट ठेवलं आणि तीन महिने घर सोडायला सांगितलं. त्या मुदतीत तिथे जो निजेल तो वर्ष काढत नाही, हे भटजींनी सांगायची गरजच नव्हती, गावातलं शेंबडं पोरही ते जाणतं. दाराला काटी लावून सगळं बिऱ्हाड उमरोळीला मामाकडे गेलं. बापजादे असंच करत आले, त्यात यांचं चुकलं काय? चुकलं ते एवढंच, की तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कामावर कारकुनी करणाऱ्या कृष्णकांताने मोठ्या हौसेने बापाच्या नावावर घराचा विमा उतरवला, आणि त्याचा कागद वाचला तो घर जळल्यावर. घर सलग तीस दिवसांहून जास्त रिकामं राहिलं आणि कंपनीला कळवलं नसलं, तर विमा संपला, असं त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. आता मुंबईला पत्र टाकून कोण कळवणार, की आमचा बाप पंचकात मेला म्हणून?

मृग पाच आठवड्यांवर आला होता. पोरींना घेऊन त्याची बायको मंदा मामाच्या पडवीत दिवस काढत होती, आणि मामी हल्ली ताट आपटूनच वाढायची. विम्याचे पैसे आले नाहीत तर या चार काळ्या भिंती पावसात बसणार. म्हणून येताना कृष्णकांताने आईला पढवलं होतं, "माई, साहेब विचारतील घरात माणसं होती का. तू नुसतं हो म्हण. पुढचं मी बघतो."

साहेब विहिरीच्या कट्ट्यावर बसले आणि त्यांनी कागद काढला. "आजी, विमा तुमच्या यजमानांच्या नावावर, तेव्हा जबाब तुमचाच लागेल. घरात माणसं राहत होती ना?"

"होती," माई म्हणाली.

"रात्री निजायला कोण असायचं? एकाचं नाव सांगा, पुरे. तेवढंच लिहायचंय मला."

माणूस भला होता. काटी त्यालाही दिसली असणार, पण त्याने विचारलं नाही.

माईने मुलाकडे बघितलं. हे तिला पढवलेलं नव्हतं.

"मी," कृष्णकांत म्हणाला. "रोज रात्री मीच निजायचो इथे."

साहेबांनी पेन टेकवलं.

"नाय!" माई ओरडली. "नाय निजला तो! खोटं हाय!"

"माई, गप!"

"गप काय, मेल्या? काय बोलतोस तुजं तुला तरी कळतं काय? मुदत सरायला अजून हप्ता हाय! असं नुसतं बोललं तरी भोवतं! ओ साहेब, खोडा ते. माजा पोर एक रात या घरात नाय निजला. उमरोळीला माज्या उशाशी निजायचा. रोज. रातचा उठून मी हात लावून बघायची, जित्ता हाय ना म्हणून."

साहेब लिहीत गेले. न लिहून सांगतात कुणाला? असं भर अंगणात बोललेलं, कुंपणापलीकडे चिंतूही कान लावून उभा होता.

कृष्णकांत माईकडे वळला. "घालवलंस माई," तो म्हणाला. "कुणीतरी निजत होतं म्हटलं तरच पैसे मिळणार होते. आता दमडी नाय मिळायची. पावसात कुठे जायचं पोरींना घेऊन?"

आत्ता कुठे माईला उमगलं. तिने एकेक भिंत न्याहाळली. मग पदर सावरून ती साहेबांपुढे येऊन उभी राहिली.

"साहेब, मी निजायची. माजं नाव लिवा."

"माई!"

"तू गप. माजं काय राहिलंय आता? लिवा ओ."

साहेबांना तिच्याकडे बघवेना. "आजी, रोज रात्री उमरोळीला उठून मुलाला हात लावत होता, असं आत्ताच सांगितलंत ना? लिहिलंय मी ते."

"मग खोडा."

"खोडता येत नाही, आजी."

"खोटं नाय चालत तुमाला? मग खरं करते. आज रातीपासून निजते मी इथं. हप्ता हाय अजून."

कृष्णकांताने तिचा हात धरला. तो हिसडून ती उंबरा ओलांडून आत गेली, आणि वाकून दोन्ही हातांनी राख बाजूला सारत अंथरुणापुरती जागा करू लागली.