न्हाणीघरातला पंखा

"हा धूर थांबला नाही तर त्या म्हाताऱ्याआधी मीच मरेन," पोलीस अमीन वाहेद अली खोकत म्हणाला.

नळदुर्गच्या महांतप्पांच्या घरी त्यानं मुक्काम ठोकला होता. महांतप्पा तेलाच्या गिरणीचे मालक, दम्यानं अंथरुणाला खिळलेले. त्यांचा एकुलता एक मुलगा सिद्धलिंग निजामाविरुद्धच्या चळवळीत भूमिगत होता. बापाचं काही खरं नाही म्हटल्यावर मुलगा भेटायला येणारच, असा वरच्यांचा होरा. म्हणून अमीन आजाऱ्याच्या खोलीच्या दारातच खुर्ची टाकून बसायचा. तो बीदरहून नुकता बदलून आलेला. सिद्धलिंगला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. चष्मा, कुरळे केस, पुण्याचं शिक्षण, एवढंच ठाऊक.

खोलीला लागून न्हाणीघर होतं. तिथल्या बंबाचा धूर बाहेर फेकायला महांतप्पांनी भिंतीत पंखा बसवून घेतला होता. गिरणीच्या डायनामोवर तो चालायचा. त्याची वायर जळाली आणि सगळा धूर खोलीत यायला लागला.

"वायरवाला बोलवा," अमीननं महांतप्पांच्या बायकोला, गंगम्माला सांगितलं.

"परका माणूस घरात नको मला. ह्यांचं हे असं असताना."

"मी सांगतोय ना. बोलवा."

गंगम्मानं नाइलाजानं मोलकरणीला, इरम्माला, गिरणीत पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी वायरवाला आला. डोकं भादरलेलं, दाढी वाढलेली, अंगात तेलकट सदरा. नाव दगडोबा. दारावरच्या पोलीस जवानांनी त्याची पिशवी उलटी करून पाहिली. पक्कड, लाकडी पट्ट्या, खिळे. सोडलं आत.

माणूस कामात फारच ढिला निघाला. जुनी वायर आजाऱ्याच्या खाटेवरून छताला गेली होती. ती उतरवण्यातच त्यानं दिवस घालवला. नवी जोडली, तर ठिणगी उडाली आणि घरभर अंधार.

"तुला शिकवलं कुणी हे काम?" अमीननं वैतागून विचारलं.

"पोटासाठी शिकलो, साहेब."

गंगम्मा तर त्याच्यावर सारखी करवादायची. खाटंला पाय लावू नको, भिंतीला हात पुसू नको. भाकरीसुद्धा त्याच्यापुढं आदळायची. अमीनला तेवढंच बरं वाटायचं. वैतागलेला तो एकटाच नव्हता.

एकदा तर त्या बाबानं वायरीचं टोक महांतप्पांच्याच हातात दिलं. "धरा जरा, मालक." म्हाताऱ्यानं ते धरलं आणि दगडोबा खाटेशी गुडघे टेकून कितीतरी वेळ एक पट्टी ठोकत राहिला.

"बीमार माणसाला कामाला लावतोस?" अमीननं कपाळाला हात लावला.

"असू द्या," महांतप्पा धापा टाकत म्हणाले. "मला बरं वाटतंय."

शेवटी एकदाचा पंखा फिरला. खोली मोकळी झाली. महांतप्पांनी डोळे उघडून दगडोबाकडं पाहिलं.

"झालं तुझं काम. आता जा. थांबू नको."

दगडोबा मात्र मान खाली घालून एकेक खिळा वेचत बसला. अमीनला ते बघवेना.

"आता काय राहिलं?"

"माझं गाव बोरामणी, साहेब. सरहद्दीच्या पल्याड. नाक्यावर लई अडवतात."

"एवढंच ना?" अमीननं एका जवानाला हाक मारली. "याला नाक्यापार सोडून ये. पुन्हा तोंड दिसू नये मला याचं."

दोन-चार दिवसांनी महांतप्पा गेले. अमीननं समाधीच्या जागेभोवती माणसं पेरली. आलेल्या प्रत्येकाचा चेहरा स्वतः निरखला. माती लोटायला पुतण्या पुढं झाला. सिद्धलिंग काही आला नाही.

त्याच आठवड्यात इरम्मा बाजारातून आली आणि गंगम्माच्या कानाशी लागून सरहद्दीपल्याडून आलेला निरोप सांगितला. गंगम्मा उठली, तोंड धुतलं आणि बाहेरच्या सोप्यात आली. अमीन तिथंच बसला होता.

"अम्मा," तो खाली पाहत म्हणाला, "बापाच्या मातीलाही पोरगा आला नाही. वाईट वाटतं मला. पण तो येईपर्यंत मला इथं बसावंच लागणार."

"मातीला न्हाय आला. त्याच्या आधी येऊन गेला," गंगम्मा म्हणाली. "नाक्यापार तुमीच तर सोडलंत त्याला."