शंभर टक्के

हात धुण्याची अचानक तपासणी करायला निघताना संसर्गनियंत्रण विभागाची सिस्टर बाळांच्या वॉर्डातल्या मैत्रिणीला गुपचूप मिस्ड कॉल द्यायची. मैत्रीण ओरडायची, “सासूबाई निघाल्या गं, धुवा हात!” सगळ्या नर्सेस हसत बेसिनकडे पळायच्या, दारावर दरमहा ‘स्वच्छ हात: शंभर टक्के’ झळकायचं. आज तिथल्याच एका बाळाच्या रक्तात जंतू सापडले. सिस्टर चौकशीला आली, तेव्हा बाळाची आई स्वतःचे हात निरखत होती. साबणाने घासून घासून त्यांची सालटी निघाली होती. “माझ्याच हातांमुळे झालं ना, सिस्टर? इथल्या सगळ्या तर शंभर टक्के धुतात.” मैत्रिणीने सिस्टरला डोळ्यांनीच गप्प राहायला खुणावलं. “नाही, ताई. तो आकडा खोटा आहे. मी येण्याआधी कळवायचे,” सिस्टर म्हणाली. बाळाचं पांघरूण सावरायला तिने हात पुढे केला, तो आईने बाजूला सारला.