फाटका मांडा

गावी, निंबोल्याच्या घरी अंगणात माय खापरावर मांडे भाजत होती. मोनालीच्या होणाऱ्या सासरची इंदूरची माणसं जेवायला बसली होती. मागच्या भेटीत सासूबाईंनी हसत विचारलं होतं, "माँ को तू कहती हो? हमारे यहाँ नौकर को भी आप कहते हैं." ते मोनालीला लागलं. म्हणून आज सगळ्यांसमोर ती म्हणाली, "माय, आप थक गई होंगी, बैठिए ना." हातांवर पसरलेला मांडा तसाच धरून मायनं मागं वळून पाहिलं. मागं कोणीच नव्हतं. मांडा मधोमध फाटला. मोनालीनं मान खाली घातली. पाहुण्यांची गाडी गेल्यावर दोघीच चुलीपाशी उरल्या. "माय, तू जेवली का?" मोनाली पुटपुटली. मायनं फाटका मांडा स्वतःच्या ताटात घेतला, अख्खा लेकीला वाढला. ऐकायला आता कोणीच नव्हतं. तरी माय पदर सावरून म्हणाली, "आप खाओ पहले."