सान्वीचे धवले

"उद्या सान्वीची हळद आहे आणि तू हे डबडं घेऊन बसलीस?" कमलेश वैतागला.

"आईचा आवाज या सीडीत आहे," दर्शना नवऱ्याकडे न बघताच म्हणाली. "माझ्या पोरीला हळद आईच्याच धवल्यांनी लागणार."

तिची आई मालन माजिवड्याची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नांत धवले गायला तिलाच बोलवायचे. नातीचे धवले पण मीच म्हणणार, असं ती सारखी सांगायची आणि दोन वर्षांपूर्वी गेली. उरली ती दर्शनाच्या लग्नाची बावीस वर्षांपूर्वीची सीडी आणि हा जुना कॉम्प्युटर. सीडी त्यात अडकली होती आणि ड्राइव्ह सकाळपासून ती वाजवतही नव्हता, उघडतही नव्हता.

दर्शनाने केबल बदलली, कॉम्प्युटर चारदा बंद-चालू केला. शेवटी सेफ्टी पिन सरळ करून तिने ट्रेखालच्या बारक्या भोकात खुपसली. ट्रे सुटला. तिने तो ओढला आणि आतली सीडी कमलेशला दिली. "जरा पुसून द्या."

तो सीडी पुसत असतानाच रिकामा ट्रे आपोआप आत गेला. आत काहीतरी गरगरलं आणि स्पीकरमधून आईचा किंचित घोगरा आवाज सुरू झाला.

कमलेशने हातातली सीडी नुसती वर धरली.

धवल्यात नवरीचं नाव येतं. दर्शना आपल्या नावाची वाट पाहत राहिली. आईने नाव घेतलं, ते सान्वीचं.

ओळ संपली. आवाज थांबला. मागच्या बायकांनी ओळ उचलावी म्हणून आई अशीच थांबायची.

दर्शनाने घसा खाकरला.