मनकर्णाबाईंची गोफण

“यानं मानसं मारत?” मनकर्णाबाईंनी हातातली गोफण उलटसुलट करून पाहिली. अंबाडीची, त्यांनीच वळलेली.

“हो आजी,” सुकेशनी मॅडम म्हणाल्या. “जुन्या काळी राजे गोफणवाल्यांची वेगळी पलटण ठेवायचे. तलवारवाला जवळ येईपर्यंत त्याचं डोकं फुटलेलं असायचं. लोखंडी टोप असला तरी.”

आसेगावजवळच्या त्या गावात शाळेच्या मैदानावर सहावीचा वर्ग गोल बसला होता. जुन्या लढायांचा धडा चालू होता. गोफण कशी चालते ते दाखवायला मॅडमनी बाईंना बोलावलं होतं.

“मी त ज्वारीवरची पाखरं हाकलो फक्त,” मनकर्णाबाई जराशा ओशाळून म्हणाल्या. “तेईले लागू नये म्हनून बाजूनं मारो.”

मुलं हसली. तेवढ्यात फाटकातून अल्ताफ धावत आला. सडकेवर त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं.

“काकू, चला लवकर! काका नाल्यात अडकले!”

गावावर थेंब नव्हता, पण वरच्या अंगाला ढग फुटला होता. मनकर्णाबाईंचे यजमान उकंडराव पलीकडच्या वावरातून नाल्यावरच्या बुटक्या फरशीपुलावरून घरी येत होते आणि लोंढ्याने त्यांना खाली लोटलं. आता ते नाल्याच्या मधोमध एका बाभळीला मिठी मारून होते. गढूळ पाणी छातीपर्यंत. काठापासून अंतर साठेक हात.

लोकांनी दोर फेकून पाहिला होता. जाड दोर निम्म्यावरच पडायचा. दोन पोरं उडी घ्यायला निघाली, तोच समोरून एक अख्खं झाड वाहत गेलं, तशी लोकांनी त्यांना धरून ठेवलं. मदतीची गाडी वाशिमहून निघाली होती, तिला तास तरी लागणार होता. बाभूळ हलत होती.

मनकर्णाबाई काठावर उभ्या राहिल्या. गोफण अजून हातातच होती.

“अल्ताफ, तुह्याजोळ मासोया धरायची दोरी हाये ना? बारीक, नायलॉनची?”

अल्ताफने दुकानातून रीळ आणलं. बाईंनी कोंबडीच्या अंड्याएवढा, मधे खाच असलेला दगड शोधला. खाचेत दोरी आवळून बांधली. मॅडमची ओढणी मागून घेतली, जमिनीवर पसरली आणि तिच्यावर सगळी दोरी सैल वेटोळी करून ठेवली. दुसऱ्या टोकाला अल्ताफने जाड दोर बांधला.

“आजी,” सुकेशनी मॅडमनी विचारलं, “डोक्याला लागला तर?”

“ठावं हाये.”

गोफण फिरवता येणार नव्हती, दोरी हाताभोवती गुंडाळली असती. एकच झोका. मनकर्णाबाईंनी पदर खोचला, एक पाय मागे घेतला आणि दगड सोडला. तो उकंडरावांपासून फार लांब, डावीकडे पडला. दोरी पाण्यात गेली, धारेने ओढून नेली.

अल्ताफने ती परत ओढली. आता ती ओली होती, जड होती.  बाईंनी हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले.

“मनकर्णे!” पाण्यातून हाक आली. “भेऊ नको. मार तू. लागलं त लागलं.”

दगड बाजूने घालवून चालणार नव्हतं. तो उकंडरावांच्या कानाजवळूनच जायला हवा होता, तेव्हाच दोरी अंगावर पडली असती. 

मनकर्णाबाईंनी दगड पुन्हा गोफणीत ठेवला.

“डोकं खाली घाल बे, बुढ्या!”

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला ‘अवो’ सोडून हाक मारली नव्हती. उकंडरावांनी मान खाली घातली. दगड सूं करत डोक्यावरून गेला आणि पलीकडे बुडाला. दोरी त्यांच्या खांद्यावर पडली.

त्यांनी ती दातांत धरली. एका हाताने बाभूळ, एका हाताने दोरी, असं करत हळूहळू जाड दोर ओढून घेतला आणि बैलाच्या दाव्याला मारतात तशी गाठ कमरेला मारली. मग बाभूळ सोडली.

ते पाण्याखाली गेले. दिसेनात. दहा-बारा जणांनी दोर धरला होता, तो एकदम ताठ झाला. धारेनेच त्यांना वळणाकडे, काठाकडे ढकललं आणि खालच्या अंगाला पांढरं डोकं वर आलं.

सगळे तिकडे धावले. मनकर्णाबाई मात्र होत्या तिथेच खाली बसल्या.  सुकेशनी मॅडमनी त्यांना धरून नेलं, तोवर उकंडराव चिखलात बसून पाणी ओकत होते. बायकोला पाहिल्यावर त्यांनी तोंड पुसलं.

“बुढ्या म्हनलं तू मले?”

“मंग काय म्हनू? जवान हायेत काय तुमी?” एवढं बोलून त्या रडायला लागल्या. रडत रडतच त्यांनी नवऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवला. कानामागे, मानेवर. कुठे खरचटलंही नव्हतं.

मग त्या कमरेची गाठ सोडायला बसल्या. ती भिजून दगडासारखी झाली होती. काही केल्या सुटेना. अल्ताफ विळा आणायला निघाला.

“राहू दे,” उकंडराव म्हणाले. “घरापरेंत असाच घेऊन चाल.”

लोक हसले. मनकर्णाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मोकळं टोक उचललं, मनगटाला दोन वेढे दिले आणि गावाच्या वाटेला लागल्या. मागे उकंडराव, चिखलाने माखलेले, अनवाणी. बाईंनी एकदाही वळून पाहिलं नाही. थोडं चाललं, की त्या दोराला हलकासा हिसका द्यायच्या.

मागून तसाच एक हिसका परत यायचा.