म्हशीचं दावं
सोनोग्राफीत बाळाच्या मानेभोवती नाळेचा वेढा दिसला होता. "पुष्कळदा दिसतो. घाबरू नका, तपासायला येत राहा," डॉक्टर म्हणाले होते. आज दामिनी मुरबाडला तपासणीसाठी निघाली, तर सासू सरस्वती दारात आडवी. "म्हशीचं दावं ओलांडलंस, म्हणून पोराला फास बसला! दवाखाना नाय, भगताकडं चल." दामिनी आतून पेटली. पोटुशी सुनेला रोज गोठ्यात पाठवायचं कोण? तेवढ्यात आजेसासू भागी गोठ्यातलं दावंच घेऊन आली. "सरस्वती, तुझा नवरा पोटात होता तवा मी धसईच्या बाजारातली झाडून सगळी दावी ओलांडली. तुझ्या हिशोबानं तो म्हैस गळ्यात घालूनच जल्माला यायला पायजे होता!" भागीने तिला कोपराने बाजूला सारलं, दावं उंबऱ्यावर आडवं टाकलं. "चल गो दामिनी, एसटी चुकंल." दामिनीने फाईल छातीशी धरली आणि दावं ओलांडलं, या वेळी मुद्दाम.